डोकेदुखीसाठी बोटॉक्स आणि ब्लॉक शिकायचे तर

प्रश्न असा आला आहे: डीएम न्यूरॉलॉजी करून जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस सुरू केली आहे. ओपीडीत डोकेदुखीचे पेशंट भरपूर. मायग्रेनसाठी बोटॉक्स, ऑक्सिपिटल नर्व्ह ब्लॉक (डोक्यामागच्या नर्व्हजवळ बधिर करणारं इंजेक्शन) वगैरे शिकायचं आहे. दोन दिवसांचं वर्कशॉप पुरेल का, की पेन मेडिसिनची फेलोशिप करावी, की परदेशात जावं?

बोटॉक्स आणि डोक्याच्या कातडीखालचे ब्लॉक एवढंच हवं असेल, तर वर्षभर प्रॅक्टिस बंद ठेवून फेलोशिप करायची गरज नाही. पण दोन दिवसांच्या वर्कशॉपवरही भागणार नाही. ज्यांच्याकडे डोकेदुखीची ओपीडी नियमित चालते अशा कुणाच्या तरी हाताखाली आठवड्यातून एक दिवस, निदान सहा महिने, हा मधला रस्ता. त्याची जाहिरात कुठे येत नाही, कारण त्यात कुणाला फी मिळत नाही. सहा महिने अशासाठी की बोटॉक्सची एक फेरी १२ आठवड्यांची असते. दिलेल्या इंजेक्शनांचं काय झालं हे कळायला तोच पेशंट तीन महिन्यांनी पुन्हा समोर बसावा लागतो, आणि उपयोग झाला की नाही हे ठरवायला साधारण दोन फेऱ्या जाव्या लागतात. वर्कशॉपमध्ये पेशंट एकदाच दिसतो. तिथे सुई कशी धरायची ते कळतं. पापणी पडलेला, मान धरवत नसलेला, किंवा 'डॉक्टर, काहीच फरक नाही' म्हणणारा पेशंट तिथे येत नाही.

आता सुईच्या आधीचं. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले, वर्षभरातलं मायग्रेनचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं होतं. आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. म्हणजे चार माणसांत एक. या सगळ्यांना सुई लागत नाही. फार थोड्यांना लागते. ते थोडे कोण, हे ओळखणं हाच प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे आणि नेमका तोच कोर्सच्या वेळापत्रकात पहिल्या सकाळच्या पाऊण तासात उरकला जातो.

आपला पेशंट 'मायग्रेन' म्हणत येत नाही. तो 'पित्ताचा त्रास' म्हणतो. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून पित्त. कपाळ आणि गालाची हाडं दुखतात, म्हणून 'सायनस'. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झालेला असतो. अर्धशिशी हा शब्द माहीत असतो, पण दोन्ही बाजूंनी दुखत असेल तर ती अर्धशिशी नव्हे असा ठाम समज असतो. या बोलण्यातून महिन्याला किती दिवस डोकं दुखतं हा आकडा काढायचा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीनुसार क्रॉनिक मायग्रेन म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे. बोटॉक्सचा पुरावा या गटासाठी आहे. महिन्यात चार-पाच अटॅक येणाऱ्याला बोटॉक्स देणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं. शिवाय 'डोकं किती दिवस दुखतं?' असं विचारलं तर पेशंट फक्त वाईट दिवस मोजतो. 'महिन्यातले किती दिवस डोकं अगदी मोकळं असतं?' असं विचारून बघा, उत्तर पुष्कळदा पार वेगळं येतं.

पुढचा प्रश्न गोळ्यांचा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस, किंवा ट्रिप्टान, एर्गोट ही मायग्रेनची औषधं आणि मिश्र गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चालू असेल तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहिलेली असू शकते. एर्गोटामीन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे मेडिकलवाला मागितली की देतो, आणि बायका ती पर्समध्ये ठेवतात. 'कधीतरी घेते' याचा अर्थ आठवड्यातून चारदा असू शकतो. ऑक्सिपिटल ब्लॉकचा एक चांगला उपयोग इथेच होतो: गोळी थांबवतानाचे पहिले काही दिवस सुसह्य करायला. पण गोळ्यांचा हिशेब न घेता ब्लॉक दिला, तर पेशंटला दोन आठवडे बरं वाटतं, मग तो पुन्हा ब्लॉक मागायला येतो, आणि गोळीच्या जोडीला सुईचीही सवय लागते.

तिसरी गोष्ट, आणि ही मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते: ब्लॉकने डोकं दुखायचं थांबलं म्हणजे निदान बरोबर होतं असं नाही. डोक्याच्या पुढच्या भागाची ट्रायजेमिनल नर्व्ह आणि मानेच्या वरच्या मुळांचे तंतू मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून मानेमागे दिलेल्या सुईने कपाळ दुखायचं थांबतं. म्हणूनच दुखण्याचं मूळ दुसरीकडे असलं तरीही काही वेळ थांबू शकतं. साठीची बाई, कानशिलाला हात लावू देत नाही, चावताना जबडा दुखतो. तिला ब्लॉक नको, आधी ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या हव्यात. टेम्पोरल आर्टरायटिसमध्ये, म्हणजे कानशिलाच्या धमनीला सूज असताना, ब्लॉकमधल्या स्टेरॉइडने तिला चार दिवस बरं वाटेल आणि पाचव्या दिवशी डोळा जाऊ शकेल. बाळंतीण, आठवडाभर वाढत चाललेली डोकेदुखी: मेंदूच्या शिरेत गुठळी नाही ना हे बघायचं. तापाबरोबर आलेली डोकेदुखी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली, एका क्षणात शिगेला पोचलेली, झोपलं की थांबणारी आणि उठलं की सुरू होणारी, या सगळ्या सुईच्या टेबलापासून लांब ठेवायच्या. तुम्ही न्यूरॉलॉजिस्ट आहात, तुम्हाला हे पाठ आहे. तरी हातात नवी विद्या आली की तिच्यासाठी पेशंट दिसायला लागतात; वीस वर्षं शिकवताना हे मी हुशार पोरांमध्येही बघितलं आहे.

आता बोटॉक्स. १९९० च्या दशकात सुरकुत्यांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्या काहींनी आपली डोकेदुखीही कमी झाल्याचं सांगितलं, तिथून हा प्रवास सुरू झाला. २०१० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत क्रॉनिक मायग्रेनसाठी मान्यता मिळाली. ज्या दोन चाचण्यांवर ती मिळाली त्यांच्या नावावरून पद्धतीला 'प्रीएम्प्ट' म्हणतात: ३१ ठिकाणी, प्रत्येकी ५ युनिट, एकूण १५५. भुवयांजवळच्या कोरुगेटर स्नायूंमध्ये १०, त्यांच्या मधल्या प्रोसेरसमध्ये ५, कपाळावरच्या फ्रंटॅलिसमध्ये २०, कानशिलावरच्या दोन्ही टेम्पोरॅलिसमध्ये मिळून ४०, डोक्यामागच्या ऑक्सिपिटॅलिसमध्ये ३०, मानेच्या पॅरास्पायनल स्नायूंत २०, खांद्यावरच्या ट्रॅपेझियसमध्ये ३०. जिथे जास्त दुखतं तिथे आणखी ४० युनिटपर्यंत देता येतात. १०० युनिटच्या व्हायलमध्ये २ मिली सलाईन, म्हणजे ०.१ मिलीमध्ये ५ युनिट. सुई ३० गेजची, अर्ध्या इंचाची. हे आकडे एका संध्याकाळी पाठ होतात.

हाताला बसायला वेळ लागतो तो पुढच्या गोष्टींना. फ्रंटॅलिसमध्ये सुई वरच्या भागात ठेवायची. खाली आलात तर भुवई उतरते. कोरुगेटरमध्ये भुवईच्या आतल्या टोकाला, डोळ्याच्या खोबणीच्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर वर राहायचं, नाहीतर औषध पापणीपर्यंत उतरतं. फ्रंटॅलिसचा बाहेरचा भाग मोकळा राहिला तर भुवयांची टोकं नाटकातल्या खलनायकासारखी वर चढतात. टेम्पोरॅलिससाठी पेशंटला दात आवळायला सांगून स्नायू बोटाखाली घ्यायचा. मानेमागचे बिंदू वरच, ऑक्सिपिटल हाडाच्या उंचवट्यापासून दोन बोटांच्या आत. नवखा माणूस मानेच्या मध्यावर उतरतो, कारण पेशंट तिथे बोट दाखवतो; मग बारीक मानेच्या मुलीला पंधरा दिवस डोकं तोलवत नाही. सौंदर्यासाठी बोटॉक्स देणारे त्वचारोगतज्ज्ञ कपाळावर आपल्यापेक्षा सफाईने काम करतात, आणि एखादी दुपार त्यांच्याकडे बसून बघण्यात काही कमीपणा नाही. पण ते जिथे सुरकुती दिसते तिथे टोचतात. आपले बिंदू दुखणाऱ्या नर्व्हच्या वाटेवर ठरलेले असतात. इथे औषध स्नायू सैल करून काम करत नाही, असं आज मानलं जातं. ते वेदना वाहणाऱ्या तंतूंच्या टोकांतलं स्नॅप-२५ हे प्रथिन कापतं आणि सीजीआरपीसारखी वेदना वाढवणारी द्रव्यं बाहेर पडणं रोखतं. म्हणून पेशंटचं कपाळ गुळगुळीत झालं म्हणजे काम झालं, असं समजू नका.

ज्यांच्याकडे शिकाल त्यांनी तुम्हाला आणखी एक आकडा सांगितलाच पाहिजे. त्या दोन चाचण्यांच्या एकत्रित निकालात २४ आठवड्यांनी डोकेदुखीचे दिवस बोटॉक्सने महिन्याला ८.४ ने कमी झाले आणि सलाईनच्या इंजेक्शनने ६.६ ने. म्हणजे औषधाचा स्वतःचा वाटा दोन दिवसांहूनही थोडा कमी. यावरून बोटॉक्स फसवं आहे असं म्हणायचं नाही. ज्यांना लागू पडतं त्यांचं आयुष्य बदलताना मी पाहिलं आहे. पण टोचण्याचाच परिणाम किती मोठा असतो हे ज्याला माहीत नाही, तो पहिल्या महिन्याच्या यशावर खूश होतो आणि पुढच्या पेशंटला नको ते वचन देतो. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचा २०१२ चा नियम मला शिकवायला सोयीचा वाटतो: तीन प्रतिबंधक औषधं करून झाल्यावरच सुरू करायचं, आणि दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्केही कमी झाले नाहीत तर थांबवायचं. तिथे सरकार पैसे देतं म्हणून नियम. इथे पेशंट स्वतःच्या खिशातून देतो, म्हणून नियम आणखी कडक हवा.

व्हायलबद्दल एक बारीक गोष्ट. १५५ युनिटसाठी दोन व्हायल फुटतात, ४५ युनिट उरतात. ते दुसऱ्या पेशंटला वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. व्हायल एकाच पेशंटसाठी असते. आणि एका कंपनीचे युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचे युनिट नव्हेत. स्वस्त ब्रँड आणून तोच आकडा भरायचा नाही. मायस्थेनियाचा (स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराचा) पेशंट असेल तर प्रश्नच मिटला, द्यायचंच नाही.

ऑक्सिपिटल ब्लॉक हा मात्र जिल्ह्याच्या डॉक्टरसाठी खरा उपयोगाचा. लिग्नोकेन हे बधिरतेचं औषध प्रत्येकाकडे असतं, खर्च नगण्य, आणि २०२५ मध्ये अमेरिकन हेडेक सोसायटीने इमर्जन्सीत आलेल्या मायग्रेनसाठी याला सर्वात वरच्या दर्जाची शिफारस दिली आहे. क्लस्टर डोकेदुखीत (एका डोळ्याभोवती झटक्यांनी येणाऱ्या तीव्र दुखण्यात) स्टेरॉइडसह दिलेल्या ब्लॉकला २००५ आणि २०११ मधल्या चाचण्यांचा चांगला आधार आहे. क्रॉनिक मायग्रेनमध्ये रोजच्या प्रतिबंधासाठी पुरावा उलटसुलट आहे, हेही शिकवणाऱ्याने लपवू नये. जागा शोधायची तर मानेमागचा हाडाचा उंचवटा आणि कानामागचं मास्टॉइड यांच्यामध्ये रेघ धरायची आणि उंचवट्याकडून एक तृतीयांश अंतरावर दाबून बघायचं. तिथे पेशंट 'हां, इथेच' म्हणतो. शेजारीच ऑक्सिपिटल धमनी असते, म्हणून आधी मागे ओढून बघायचं, मग पंख्यासारखं पसरवत औषध सोडायचं. डोक्याच्या मागे बधिरता आली तर ब्लॉक बसला. डोकं दुखायचं थांबलं की नाही हा वेगळा प्रश्न.

हाताखाली शिकताना या ब्लॉकमध्ये मुद्दाम बघायच्या गोष्टी सांगते. मागच्या बाजूला कवटीचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला हाडात फट असू शकते आणि औषध थेट मेंदूभोवतीच्या द्रवात जाऊ शकतं. केस बाजूला करून व्रण बघितल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही. ट्रायामसिनोलोन या स्टेरॉइडने त्या जागेचे केस जाऊ शकतात आणि कातडी पातळ होते; मायग्रेनमध्ये स्टेरॉइड घालून फारसा जास्त फायदाही दिसत नाही, मग कशाला. गरोदर बाईला नुसतं लिग्नोकेन देता येतं, आणि तिला देण्यासारखं दुसरं फार काही नसतं, म्हणून हा ब्लॉक तिच्यासाठी मोलाचा. खुर्चीत बसलेला पेशंट चक्कर येऊन पडतो, विशेषतः उपाशी आलेला. गुरुवारचा उपास आहे का हे विचारत जा. ब्लॉक छोटा असला तरी खोलीत ऑक्सिजन, अॅड्रेनॅलिन आणि २० टक्के लिपिड इमल्शन हवंच. बधिरतेचं औषध रक्तात जाऊन झटके आले तर त्या इमल्शनचा दीड मिली प्रति किलो हा पहिला डोस भिंतीवर लिहून ठेवलेला असावा. जिथे शिकायला जाल तिथे पहिल्या दिवशी ही ट्रॉली कुठे आहे ते विचारा. कुणालाच पटकन सांगता आलं नाही, तर दुसरी जागा शोधा.

भुवईवरचा सुप्राऑर्बिटल, लेसर (म्हणजे धाकट्या) ऑक्सिपिटल नर्व्हचा, कानापुढचा ऑरिक्युलोटेम्पोरल हे ब्लॉक एकदा हात बसला की त्याच ओघात येतात. नाकातून स्फेनोपॅलटाइन गँगलियनला (नाकामागच्या नर्व्हच्या गाठीला) लिग्नोकेन पोचवणं तर कापसाच्या काडीनेही होतं, १९०८ पासून चालत आलंय; शिकायला सोपं, परिणाम बहुधा थोड्या काळाचा.

सोनोग्राफी लावून ब्लॉक द्यावा का? दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर, ऑब्लिकस कॅपिटिस इन्फीरियर स्नायूवर नर्व्ह दिसते आणि तिथे ब्लॉक नेमका बसतो. पण मशीन आणण्याआधी कायदा वाचा. लिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा पीसीपीएनडीटी कायदा आला. तुम्ही गर्भ बघत नाही, मान बघता, तरीही मशीन आणि जागा यांची नोंदणी लागते. एखाद्या मित्राचं पोर्टेबल मशीन गाडीतून आणून वापरणं हा गुन्हा ठरू शकतो. हे कोर्समध्ये कुणी सांगत नाही, कारण कोर्स हॉस्पिटलच्या नोंदणीकृत मशीनवर चालतो.

यापुढचं सगळं वेगळं काम आहे. थर्ड ऑक्सिपिटल नर्व्हला किंवा मानेतल्या सी२-३ सांध्याला रेडिओफ्रीक्वेन्सी (उष्णतेने नर्व्ह बंद करणं), ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया या चेहऱ्याच्या नर्व्हच्या दुखण्यासाठी कवटीच्या तळाच्या छिद्रातून (फोरामेन ओव्हेल) त्या नर्व्हच्या गॅसेरियन गँगलियनपर्यंत सुई, एपिड्युरल ब्लड पॅच (पाठीच्या कण्यात पेशंटचंच रक्त सोडणं): यांना सी-आर्म हे एक्स-रे मशीन लागतं, अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते, शिशाचा एप्रन आणि किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लागतो, आणि मुख्य म्हणजे रोज ते करणारा हात लागतो. मानेच्या वरच्या भागात व्हर्टिब्रल धमनी सुईपासून मिलिमीटरवर असते. गॅसेरियनच्या कामात डोळ्याचं बुबुळ बधिर झालं तर पेशंट पुढे आयुष्यभर त्या डोळ्याची काळजी घेत बसतो. महिन्यातून एखादी केस मिळणार असेल तर न शिकलेलं बरं. हे करायचंच असेल तर मग पेन मेडिसिनची पूर्ण वेळ फेलोशिप करा आणि हवी तर वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची एफआयपीपी परीक्षा द्या. तिच्यात सुई लावून दाखवावी लागते, म्हणून तिला मी नुसत्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त किंमत देते. बहुतेक न्यूरॉलॉजिस्टसाठी शहाणपणाचं काम म्हणजे जवळच्या शहरात हे चांगलं करणारा भूलतज्ज्ञ शोधणं आणि त्याच्याशी फोनवर बोलण्याइतकी ओळख ठेवणं.

परदेशाबद्दल विचारलंत. अमेरिकेत हेडेक मेडिसिन ही वेगळी उपशाखा आहे, यूसीएनएस या संस्थेची परीक्षा २००६ पासून होते, वर्षभराच्या फेलोशिपमध्ये ब्लॉक आणि बोटॉक्स हा नेहमीचा भाग असतो. कोपनहेगन विद्यापीठाचा डोकेदुखीवरचा मास्टर्स नोकरी सांभाळून करता येण्यासारखा आहे आणि विचार घडवायला उत्तम. पण महिनाभराच्या ऑब्झर्व्हरशिपला जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथला परवाना नसेल तर सुईला हात लावू देत नाहीत. बघायला मिळतं, आणि डोकेदुखीचा पेशंट चाळीस मिनिटं कसा ऐकायचा हे दिसतं. ते बघण्यासारखंच आहे. सुई मात्र इथेच शिकावी लागेल.

इथल्या कोर्सची फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा: प्रत्यक्ष पेशंटवर मी किती इंजेक्शनं देणार, की फक्त पडद्यावर बघणार? एका शिक्षकामागे किती जण? मृतदेहावर शिकवत असाल तर तो फॉर्मालिनमधला की मऊ ठेवलेला? फॉर्मालिनमध्ये मानेचे स्नायू लाकडासारखे होतात आणि सुईचा स्पर्श काहीच सांगत नाही. नंतर सहा महिने माझ्या केसेसबद्दल कुणी फोन उचलेल का? बोटॉक्सच्या कंपनीच्या पैशावर चालणारं वर्कशॉप असेल तर जा, शिका, पण पेशंट निवडण्याचे निकष तिथून घेऊ नका. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते कोर्समधून मिळतील. पॉइंट म्हणजे कौशल्य नव्हे हे तुम्हाला सांगायला नको. भिंतीवर फ्रेम लावण्याआधी ती फेलोशिप नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची आहे, की कुणा खासगी संस्थेने स्वतःच छापलेली आहे, तेही तपासा.

संमतीपत्राचं एक. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की एका प्रक्रियेसाठी घेतलेली संमती दुसरीला चालत नाही. ब्लॉकसाठी बसलेल्या पेशंटला 'आलाच आहात तर बोटॉक्सही देऊन टाकू' असं करायचं नाही. संमतीपत्र मराठीत हवं, त्यात पापणी पडण्याची, मान दुखण्याची आणि काहीच फरक न पडण्याची शक्यता लिहिलेली हवी. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची.

आणि नोंदवही ठेवा. किती ब्लॉक दिले ते नको. प्रत्येक पेशंटचे आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने, महिन्याला डोकेदुखीचे दिवस किती, गोळ्यांचे दिवस किती, कामावरच्या रजा किती, आणि ज्यांना सुई न देता परत पाठवलं ते कोण व का. कुणाच्या हाताखाली जायचं ठरलं की तिथे पहिल्यांदा जाण्यापूर्वीच, तुमच्याकडच्या महिन्याला पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्या पेशंटना साध्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगा: दुखलं तर काट, गोळी घेतली तर गोल. दोन-तीन महिन्यांनी ती कॅलेंडरं पिशवीत घालून शिकायला घेऊन जा. सुईला योग्य पेशंट कोणते, यावर पहिली चर्चा त्यांवरच होईल, आणि तेवढ्या काळात त्यातले काही गोळ्या कमी करूनच बरे झालेले असतील.